खळ्यावरच्या तीन खुंट्या

कर्जतच्या बाजारात, स्टेशनाकडून आलं की डाव्या हाताला, साईनाथचं फोटोचं दुकान आहे. नाव मुलीवरून ठेवलेलं, ‘हर्षला फोटो स्टुडिओ’. काउंटरमागच्या भिंतीवर नमुन्याचे फोटो टांगलेत: हळदीनं माखलेली नवरी, फेटा डोळ्यांवर आलेला नवरदेव, पाळण्यातलं बाळ, आणि कुणाच्या तरी सत्काराचा एक भलामोठा फोटो, ज्यात सत्कारमूर्ती सोडून सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. या सगळ्यांच्या मधोमध गेल्या दिवाळीत एक रिकामी चौकट येऊन बसली. चांगली सागवानी, काच लावलेली, आणि आत नुसता काळा कागद.

“ही कशाला टांगलीय?” पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक विचारायचं.

“तिच्यात देवयानी येणार आहे.”

“देवयानी कोण?”

मग साईनाथ समजावत बसायचा. देवयानी म्हणजे आकाशातली दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचं एक गावच म्हणा ना. इतकी लांब की तिथून निघालेला उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. आणि तिचा फोटो तो स्वतः काढणार होता, आपल्या घरामागच्या खळ्यावरून, महाशिवरात्रीच्या आत. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि विचारायचं, “बरं, आमचे फोटो कधी मिळतील?”

महाशिवरात्रीची मुदत साईनाथनं स्वतःच्या तोंडानंच दिलेली. दिवाळीत या फोटोसाठी आणलेलं नवं यंत्र खोक्यातून बाहेर निघालं तेव्हा त्याची बायको छाया कमरेवर हात ठेवून उभी होती. लग्न झाल्यापासून तिनं बरंच काही पाहिलं होतं. मागच्या खोलीत अळिंबी लावायची होती, तिथं आता रिकामी पोती पडलेली असतात. मधमाश्यांच्या पेट्या आणल्या, त्यातल्या माश्या पहिल्याच पावसात निघून गेल्या, त्या परत कुणाला दिसल्या नाहीत. हार्मोनियम आहे अजून, त्यावर छाया घडी केलेले कपडे ठेवते.

“ह्याचं किती दिवस?” तिनं विचारलं.

“महाशिवरात्रीपर्यंत बघच तू. त्यानंतर ती माथेरानच्या अंगाला लवकर मावळायला लागते. त्याच्या आत फोटो भिंतीवर.”

“आन् नाय आला तर हे जिथनं आणलंय तिथं परत. आन् परत नवीन खूळ घरात आणायचं नाय.”

खूळ हा शब्द साईनाथला फार लागला. लागायचं कारण एवढंच की तो खरा होता. देवयानीचा फोटो त्याला हवाच होता, पण त्याहून जास्त त्याला आयुष्यात एकदा एक गोष्ट हातात घेऊन पुरी करून दाखवायची होती. छायाला, गावाला, आणि सगळ्यात जास्त शेजारच्या घरात राहणाऱ्या थोरल्या भावाला, सहदेवला. हार्मोनियम आणलं त्या दिवशी सहदेव चारचौघांत म्हणाला होता, “साईनाथचं एक बरं हाय. सुरवात लय जोरात.” लोक हसले होते. ते हसणं साईनाथच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

या देवयानीच्या नादाला तो लागला त्याची गोष्टही अपमानाचीच. पावसाळ्यात एका फार्महाउसवर राहायला आलेला मुंबईचा एक तरुण पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आला. एक फोटो मोठा करून हवा होता. पडद्यावर उघडला तसा साईनाथ खुर्ची ओढून पुढे सरकला. काळ्याभोर आकाशात तिरकी कललेली एक तबकडी, मधे पिवळसर तेज, कडेनं निळ्या धुळीचे पट्टे.

“कुठला हो हा? परदेशातला?”

“नाही हो काका, तुमच्या इथलाच. मागच्या हिवाळ्यात काढला. बंगल्याच्या गच्चीवरून.”

वीस-बावीस वर्षं हातात कॅमेरा धरलेल्या माणसाला हे तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या आकाशाखाली आपण जन्मलो, हळदीमागून हळदी काढल्या, त्यातून हा पोरगा दोन दिवसांच्या सुट्टीत येऊन हे घेऊन गेला. साईनाथनं फोटो छापून दिला आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसला.

व्हिडिओत सगळं सोपं असतं. कॅमेरा घरचाच होता, लांबची लेन्सही होती. पण पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात, आणि शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की टिपक्यासारखा तारा शेवईसारखा लांबतो. म्हणून ट्रॅकर नावाचं एक छोटं यंत्र लागतं. तिपाईवर ते बसवायचं, त्यावर कॅमेरा, आणि मग ते आकाशाच्या चालीनं कॅमेरा हळूहळू फिरवत राहतं. अट एकच. यंत्राचा आस बरोबर ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. तो केसभर चुकला की बाकीचं कितीही नीट करा, सगळं मातीत.

आणि इथंच साईनाथच्या नाकी नऊ आले. थंड देशांत ध्रुव डोक्यावर असतो म्हणे, पण भिवपुरीजवळच्या त्यांच्या गावातून तो बांधावरच्या आंब्याच्या शेंड्याएवढाच वर येतो. त्या उंचीवर हिवाळाभर वीटभट्ट्यांचा धूर, पेटवलेल्या गवताचा धूर आणि सकाळ-संध्याकाळचं धुकं यांचा एक मळकट पट्टा बसलेला असतो. त्यात ध्रुव कुठला दिसायला! मोबाइलमधली दिशा पाहावी तर पत्र्याच्या शेडजवळ गेलं की उत्तर एकीकडे आणि मोटरसायकलजवळ आलं की दुसरीकडे.

कार्तिकात मात्र एक दिवस अवकाळी पाऊस पडून गेला. संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं आणि आंब्याच्या डोक्याशी ध्रुव स्वच्छ उभा राहिला. साईनाथ खळ्यावर पळत गेला. पाऊण तास घाम गाळून त्यानं आस बरोबर ध्रुवावर बसवला. सुरुवातीचे दोन-चार फोटो घेतले तर तारे गोल! मोहरीच्या दाण्यासारखे गोल! देवयानीकडे कॅमेरा वळवेपर्यंत ढग परत आले, पण साईनाथचं काळीज सुपाएवढं झालं होतं. ही जागा आता सोडायची नाही असं त्यानं ठरवलं. तिपाईचे पाय जिथं होते तिथं त्यानं बाभळीच्या तीन खुंट्या जमिनीसरशा ठोकल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पायाचं टोक बसेल अशी खाच केली, आणि अंधारात ठेच लागू नये म्हणून भोवती चुना टाकला. रोज त्याच खाचांत पाय ठेवायचे, मग ध्रुव दिसो न दिसो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव बांधापलीकडून बघत होता. दोन घरं, दोन अंगणं, आणि मधे तो एक बांध, वडील गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हाचा. साईनाथचं खळं बांधाला अगदी लागून.

“काय रं, खळ्यावर चुना कशाला टाकलायस?”

साईनाथच्या जिभेवर देवयानी आली होती. पण त्याला हार्मोनियम आठवलं. आधी फोटो येऊ दे, मग दाखवू, असं म्हणून त्यानं ती गिळली.

“काय नाय दादा. असंच. बघतोय जरा.”

सहदेव खुंट्यांकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि बैलाकडे वळला.

पुढचे दिवस कसे गेले ते साईनाथलाच ठाऊक. नवीन काही शिकताना माणूस चुकतो, हे कुणीही मान्य करेल. पण रोज तेच, त्याच पद्धतीनं, सगळं नीट करूनही चुकणं म्हणजे काय ते खळ्यावर उकिडवं बसल्याशिवाय कळायचं नाही. दिवस मावळला की तो तिपाई घेऊन जायचा, खाचांत पाय बसवायचा, कॅमेरा देवयानीकडे रोखायचा. आणि पडद्यावर तारे लांबलेले. कधी थोडे, कधी फार, पण लांबलेले. आणि मधे देवयानी म्हणजे पांढऱ्या भिंतीवर ओला बोळा फिरवल्यासारखा एक डाग.

बाकीच्या अडचणी तर वेगळ्याच. लेन्सवर दव जमायचं, म्हणून छायानं हर्षलाच्या जुन्या पायमोज्यात तांदूळ भरून तव्यावर गरम करून दिले. तो मोजा लेन्सला बांधून बसायचं. अंधारी रात्र आली की नेमकी कुणाची तरी हळद असायची, आणि हळदीला गेलं नाही तर दुकान चालायचं कसं? सुटीच्या वारी पलीकडच्या फार्महाउसवर डीजे लागायचा, त्याचे हिरवे किरण थेट देवयानीच्या पोटातून आरपार जायचे. एवढं करून जमलेले शेकडो फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर एकावर एक रचायला लावले की दिवसभर यंत्र घुमत राहायचं. पासपोर्टवाले बाकड्यावर खोळंबायचे, आणि संध्याकाळी पडद्यावर यायचा करड्या रंगाचा चिखल.

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर विचारावं तर तिथं रूपेश सर म्हणून एक गृहस्थ होते. सज्जन माणूस, पण उत्तर ठरलेलं. “पोलर अलाइनमेंट तपासा.” म्हणजे तेच, आस ध्रुवावर आहे का ते.

“तपासलंय हो!” साईनाथ मोबाइलवर ओरडायचा. “खुंट्या मारल्यात खुंट्या!”

“पुन्हा तपासा,” सरांचा निरोप यायचा, आणि खाली हसरा चेहरा.

खुंट्यांची एक गोष्ट त्याला खटकली होती खरी. पाय पूर्वीसारखे अलगद बसत नसत. बांधाकडच्या खुंटीत टोक घालायला तिपाई जरा दामटावी लागायची, कधी थोडी फिरवावी लागायची. पण भात निघालं की हिवाळ्यात जमीन आवळते, भेगा पडतात, खुंट्या हलणारच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे त्याला हे शहाणपण सुचलं, आणि त्यानंच त्याचा घात केला. शहरातल्या माणसानं निदान वाकून बघितलं असतं.

पौषात छाया एकदा म्हणाली, “औंदा मोठ्या भावोजींनी पोपटीला हाक मारली नाय.”

दर वर्षी वालाच्या शेंगा भरल्या की सहदेव मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी भरून बांधाशी जाळ करायचा, आणि दोन्ही घरं त्याच्याभोवती बसून खायची. या वर्षी पोपटी लागली ती दूर, वरच्या शेतात. शेंगांचा वास मात्र आला होता.

“इथं माझे तारे लांबतायत, नि तुला पोपटी सुचतेय,” साईनाथ म्हणाला. खरं तर त्याला बरंच वाटलं होतं. खळ्यावर धूर नको होता त्याला.

“वैनी पण विहिरीवर धड बोलत नायत,” छाया पुटपुटली. पण साईनाथ तोवर लेन्स पुसायला लागला होता.

माघ उतरायला लागला तसा त्याचा धीर सुटत चालला. दुकानात लोक त्या चौकटीकडे बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. बाजारातला नागू पानवाला तर रोज जाता-येता हाक मारायचा, “साईनाथशेठ, आली का बाई?” आधी साईनाथ हसायचा. मग त्यानं हसणं सोडलं. मग तो चौकटीकडे पाठ करून बसायला लागला. आपल्याला जमत नाही हे त्यानं मनातल्या मनात कबूल करून टाकलं. अळिंबी जमली नाही, माश्या जमल्या नाहीत, सूर जमले नाहीत, आणि आता कॅमेरा, जो आपल्या हाडामासाचा समजत होतो, तोही नाही. एका संध्याकाळी त्यानं तिपाईला लाथ मारली आणि मग तिचा पाय वाकला तर नाही ना हे टॉर्च लावून बघत बसला.

महाशिवरात्र आली. त्या दिवशी चंद्राचा उपद्रव नसतो, हळद नसते, आणि फार्महाउसवरही जरा शांत असतं. साईनाथचा आता भरवसा नव्हता, पण दिलेला शब्द तरी पाळायचा म्हणून त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि ऊन असतानाच घरी आला. मोटरसायकल लावून मागच्या बाजूला गेला तर खळ्यावर कुणीतरी उकिडवं बसलेलं. पांढरी टोपी, हातात गोटा.

सहदेव. बांधाकडची खुंटी त्यानं उपटली होती आणि जराशी अलीकडे, साईनाथच्या बाजूला ठोकत होता. ठोकून झाल्यावर त्यानं जुना चुना हातानं पुसला आणि खिशातल्या पुडीतून नवा चुना खुंटीभोवती भुरभुरला. अगदी सवयीच्या हातानं.

“दादा!”

सहदेव दचकला नाही. हात झटकत उठला. “बरं झालं आलास. कदी ना कदी बोलायचंच हुतं.”

“काय करतोयस तू हे?”

“तू काय करतोयस ते आदी सांग. दिवाळीपासनं बघतोय मी. दिवस मावळला की तिपाय लावायचा, यंत्र चढवायचं, आन् बांधाकडं तोंड करून डोळा लावायचा. इचारलं तर म्हणे काय नाय, बघतोय. खालच्या शेतात पण असाच तिपाय लावला हुता मोजणीवाल्यांनी. अशाच खुंट्या, असाच चुना. मी इचारलं तर म्हनाले, काय नाय काका, नुसतं बघतोय. आन् दुसऱ्या साली रस्ता गेला मधनं.”

खालच्या शेताचं साईनाथलाही ठाऊक होतं. तिथली तिपाई, तो चुना त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. कर्जत-खालापुरात शेतात तिपाई उभी राहिली की शेतकऱ्याला जमीन जाईल असं वाटतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आणि तरी तिन्हीसांजेला रोज बांधाकडे तोंड करून यंत्रात डोळा घालून बसताना त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं की पलीकडून हे कसं दिसत असेल.

“तुला वाटलं मी मोजणी करतोय?”

“वाटलं कशाला, दिसतंच हाय. चोरून मोजायचं, फार्महाउसवाल्याला इकायला दावायचं. ही खुंटी बांधाला भिडली हुती. मी तेवढी मागं सारली. तू काय बोलला नायस, मंग अजून जरा सारली. मंग रोजच बघायला यायला लागलो.”

“रोज?”

“दोन-चार दिवसांनी. कुदळीनं बांध सरकतो तसाच सरकवायचा, थोडा थोडा. कळत नाय.”

सगळा हिवाळा साईनाथच्या डोळ्यांपुढून गेला. ते दव, ते गरम तांदूळ, रूपेश सरांचा हसरा चेहरा, नागूची हाक, तिपाईला मारलेली लाथ. त्याला जमत होतं. पहिल्या दिवसापासून जमत होतं.

“अरे, तीन महिने मी स्वतःला गाढव समजतोय!” तो एवढ्यानं ओरडला की छाया हातातलं रताळ्याचं ताट घेऊनच बाहेर आली. “तीन महिने! झोप नाय लागत मला! दुकानात तोंड दाखवायची लाज वाटते! आणि तू इथं बसून चुना टाकतोयस?”

“मंग काय बांध सोडून देऊ? माझ्या बापाचा बांध हाय.”

“माझा बाप दुसरा होता का?”

दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले. सहदेवच्या हातात अजून तो गोटा होता. छायानं ताट बांधावर ठेवलं आणि नवऱ्याकडे वळली.

“सांगा ना आता त्यांना. का तोंड शिवलंय?”

साईनाथनं सांगितलं. सरळ नाही, रागारागानं, तुकड्या तुकड्यानं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं कार्तिकातले गोल तारे दाखवले आणि नंतरचे लांबलेले. सहदेवनं डोळे बारीक करून पाहिलं. देवयानीच्या डागावर बोट ठेवून म्हणाला, “हिच्यासाठी?”

“हिच्यासाठी.”

“जमिनीचं काय नाय ह्याच्यात?”

“यंत्र वर बघतं, दादा. वर. खुंट्या फक्त पाय हलू नयेत म्हणून.”

सहदेवनं हातातला गोटा खाली टाकला. मग म्हणाला, “आदी बोलला असतास तर?”

“तू हसला असतास.”

“हसलो असतो,” सहदेव म्हणाला. “पण खुंटी हलवली नसती.”

दिवस मावळतीला टेकला होता. माथेरानच्या डोंगराची कड काळी पडत चालली होती, आणि आंब्याच्या शेंड्यापाशी नेहमीचा मळकट पट्टा.

“आता बोलून काय उपयोग,” साईनाथ म्हणाला. “आज शेवटचा दिवस. पहिली जागा कुठं होती ते कुणाला माहीत! ध्रुव तर दिसायचा नाय.”

सहदेव परत उकिडवा बसला. बांधाकडच्या खुंटीपासून पंजाभर पलीकडे त्यानं अंगठ्याच्या नखानं खळ्याचं सारवण खरवडलं. वरची माती निघाली आणि खाली एक काळा ठिपका दिसला. कोळसा. बोटाएवढ्या भोकात कुटून, दाबून भरलेला.

“ही पहिली जागा.”

“कोळसा कशाला घातलास?”

“खुंटी सरकवायच्या आदी भोकात घातला. कोळसा कुजत नाय, वाळवी खात नाय. जुन्या हद्दीच्या दगडाखाली पण असाच घालायचे.” सहदेवनं मान वर केली नाही. “उद्या भांडण लागलं तर पंचांना दावायला. तू कुठवर आला हुतास ते.”

साईनाथला यावर खूप काही बोलायचं होतं. पण बोलायला वेळ नव्हता. उजेड चालला होता. त्यानं खुंटी उपटली आणि कोळशाच्या ठिपक्यावर ठोकली. दुसऱ्या दोघी जागच्याच होत्या. तिपाईचे पाय खाचांत ठेवले तर ते दामटावे न लागता आपसूक बसले, पहिल्या दिवशी बसले होते तसे.

अंधार पडल्यावर त्यानं यंत्राच्या बारक्या दुर्बिणीत डोळा घातला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक फिका ठिपका त्या मळक्या पट्ट्यातून दिसत होता, जवळजवळ मधोमध. ध्रुव. इतके दिवस त्याच्या शेजारच्या रिकाम्या आकाशात डोळे फोडून बसलो होतो आपण. त्यानं स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि कॅमेरा देवयानीकडे वळवला.

पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा त्यानं तो मोठा करून पाहिला, अजून मोठा करून पाहिला. तारे गोल होते.

“झालं?” बांधावरून सहदेवनं विचारलं. उपासाचं रताळं सोलत तो तिथंच बसला होता.

“आता बरेच काढायचेत.”

“किती येळ?”

“ती डोंगराआड जाईपर्यंत.”

“जमिनीची मोजणी पण एवढा येळ घेत नाय,” सहदेव म्हणाला, आणि छाया खुदकन हसली. साईनाथ हसला नाही.

दोन दिवसांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर देवयानी आली. फार्महाउसवाल्या पोराच्या फोटोसारखी नाही. लहान, जराशी फिकट, निळी धूळ तर ओळखीपुरतीच. पण तिरकी कललेली तबकडी स्वच्छ दिसत होती, मधलं पिवळसर तेज दिसत होतं, आणि तिच्या सगळ्या बाजूंनी तारे मोहरी सांडल्यासारखे गोल. साईनाथनं ती छापली आणि चौकटीत घातली. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, “धूर हाय का हा?” नागू पानवाला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आली बाबा एकदाची.” छाया मुद्दाम कर्जतला आली, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, “बरी आलीय.” तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

साईनाथला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण पुरा नाही. चौकटीकडे बघितलं की त्याला देवयानीच्या आधी तो काळा ठिपका दिसायचा. ज्या कोळशानं फोटो मिळवून दिला तो दादानं आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून पुरला होता. तीन महिने रोज सकाळी बांधापलीकडून ‘चहा झाला का’ विचारणारा सख्खा भाऊ मनात पंच बोलावून बसला होता. आणि हा राग कुणावर काढायचा तेही कळेना, कारण एवढे दिवस तोंडात देवयानी दाबून ‘काय नाय, बघतोय जरा’ म्हणणाराही तोच होता.

रविवारी सकाळी खळ्यावर ठोकल्याचा आवाज आला म्हणून तो मागे गेला. सहदेवनं तिन्ही खुंट्या उपटल्या होत्या. शेजारी फुटक्या घमेल्यात कोळसा. एका भोकात तो भरून झाला होता, दुसऱ्यात तो पहारेच्या बुंध्यानं कुटत होता.

“आता हे कशाला?” साईनाथचा आवाज चढला. “आता कुठली हद्द दाखवायचीय?”

“पावसात खुंट्या कुजतील,” सहदेव म्हणाला. “पुढच्या साली खळं परत चोपायचंय, वर सारवण येईल, मंग कुठं हुडकणार तू? कोळसा खालीच राहतो. वरचं खरवडायचं, की सापडला.” त्यानं पहार जमिनीवर टेकली. “ती तुझी परत कदी दिसती?”

“दिवाळीला.”

“मंग दिवाळीला हितंच लाव.”

साईनाथचा राग होता तिथंच होता, फक्त आता तो धरून ठेवायला जागा सापडेना. मग त्यानं घमेल्यातला मूठभर कोळसा उचलला आणि तिसऱ्या भोकात घातला. सहदेवनं पहार त्याच्याकडे दिली.

“नीट कूट. पोकळ राहिला तर उपेग नाय.”

साईनाथनं नीट कुटला. सहदेव अंगावरची काळी धूळ झटकून बांधावर चढला आणि वळला.

“संध्याकाळी पोपटी लावतोय. हितंच, बांधाशी. धूर होईल, चालंल ना?”

“चालंल,” साईनाथ म्हणाला. “लाव.”